एकादशीची भाकर

पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की आमच्या पंचहौदाच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते. माउली भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, आणि आमचं चर्च जवळच गुरुवार पेठेत. लहानपणी पप्पा दारात पाण्याचं पिंप भरून ठेवायचे. त्यामुळे वारी कधी परकी वाटली नाही, चालले मात्र नव्हते. यंदा ऑफिसातल्या तिघींबरोबर पुणे ते सासवड चालले. पन्नाशीत!

चर्चच्या मंडळीतल्या एका काकूंनी विचारलंच, "तू गं कशी वारीला?" मी टिळकांचं नाव पुढे केलं. ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. काकू स्वतः त्यांचे अभंग टाळ घेऊन गातात, पुढे काय बोलणार?

खरं कारण वेगळंच होतं. फेब्रुवारीत यांचं भोसरीतलं वर्कशॉप बंद पडलं. तेव्हापासून मी सकाळी "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" म्हणते आणि आमेन झालं की हिशेबाची वही उघडते. तांदूळ किती उरला, सिलिंडर कधी संपेल, धाकट्याची फी. प्रार्थना एक मिनिट, वही अर्धा तास. टिळकांनी 1917 साली मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी झाले. थोरच माणूस. पण नवरा असा निघाला की पिठाचा डबा कोण बघतं? मी आपली त्यांच्या पत्नीच्या, लक्ष्मीबाईंच्या बाजूची.

तर सॅक भरली. दोन बाटल्या, इलेक्ट्रॉल, रेनकोट, कपड्यांचा जोड, पॉवर बँक आणि मेथीच्या आठ दशम्या. पुलगेटला पोचल्यावर मैत्रीण म्हणाली, "अगं, आज योगिनी एकादशी!" सगळ्या दिंड्या उपासाच्या. दशम्या सॅकच्या तळाशी गेल्या.

हडपसरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना वाटपच वाटप. राजगिऱ्याचे लाडू, द्रोणात साबुदाण्याची खिचडी, चहा, केळी. एक जण तुटलेल्या चपला फुकट शिवून देत होता. एक माणूस नुसत्या सेफ्टी पिना वाटत होता, आणि त्याच्यापाशी बायकांची ही गर्दी. मी प्रत्येक ठिकाणी हात पुढे केला. खाल्लं थोडं, भरलं जास्त. फुरसुंगीच्या आसपास मोजली तेव्हा सॅकमध्ये नऊ केळी होती.

शेजारून परभणीकडच्या एक मावशी चालत होत्या. डोक्यावर तुळस, खांद्याला कापडी पिशवी, बस्स. त्यांनी माझी सॅक बघितली. "बाई, केळ्याचं दुकान टाकायलीस का?" मी ओशाळून दोन केळी पुढे केली. एक त्यांनी घेतलं, दुसरं परत दिलं.

"राहू दे, पुढं भेटंल."

"आणि नाही भेटलं तर?"

"तर भूक लागंल," म्हणाल्या आणि केळं सोलायला लागल्या.

आता मावशी काही हवेवर चालत नव्हत्या, हेही सांगते. दिंडीची जेवणाखाण्याची भिशी भरलेली होती, सामानाचा ट्रक पुढे गेला होता, पाण्याचा टँकर वडकीला थांबणार होता. मुक्कामाला तंबू कोण ठोकणार हेसुद्धा ठरलेलं. हे सगळं कुणीतरी महिनाभर वही घेऊन बसूनच जुळवलं असणार. मला बरं वाटलं. वही हातात असणं म्हणजे अविश्वास, हे ओझं मी उगाच वाहत होते. फरक एवढाच, की त्यांची वही तीनशे माणसांच्या जेवणाची होती आणि माझी माझ्या भीतीची.

दिवे घाटाच्या पायथ्याशी रथाला बैलांच्या जादा जोड्या लावल्या. "माउली, माउली" करत घाट चढायला लागलो तोच पाऊस आला. खाली मस्तानी तलाव धुरकट दिसत होता. रेनकोट काढायला सॅक उघडली आणि हात थेट चिकट लगद्यात गेला. केळी पार चेंगरली होती. कपड्यांच्या घड्यांत, पॉवर बँकेच्या भोकात, सगळीकडे केळं. उन्हात दिवसभर उकडल्यामुळे वासही सुटलेला. रानात इस्राएल लोकांनी मान्ना, म्हणजे देवाने रोजच्या रोज दिलेलं अन्न, उद्यासाठी ठेवला, त्यात किडे पडले आणि घाण सुटली, बायबलातलं निर्गम 16. हा धडा संडे स्कूलमध्ये गेली वीस वर्षं मीच शिकवते! पोरांना सांगताना नाकाला रुमालसुद्धा लावून दाखवते. भर पावसात मी एकटीच हसत सुटले.

दशम्या फॉइलमध्ये होत्या म्हणून वाचल्या. घाटमाथ्यावर बंदोबस्ताचे एक हवालदार कठड्याला टेकून उभे होते. त्यांना भीतभीतच विचारलं. "द्या की ताई, सकाळपासून केळ्यांवर आहे. ड्युटीला कसली एकादशी!" सहा त्यांनी आणि त्यांच्या जोडीदाराने उभ्या उभ्या संपवल्या, दोन डब्यासारख्या फॉइलमध्ये बांधून ठेवल्या. मला एकही उरली नाही, आणि ते सासवड येईपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नाही.

सासवडला सोपानदेवांच्या देवळाकडची रांग लांबूनच बघितली. बस बोपदेव घाटातून फिरून आली, घरी पोचायला अकरा वाजून गेले. दिवसभरात पोटात खिचडी, लाडू, केळी, चहा. भाकरीचा तुकडा नाही.

दार उघडलं तर ओट्यावर पीठच पीठ. यांनी जन्मात कधी भाकरी थापली नव्हती. फोनवर बघून बघून तीन केल्या होत्या. कडा चिरलेल्या, एक तर आफ्रिकेच्या नकाशासारखी, तव्याकडच्या बाजूने काळी. सोबत लसणाची चटणी आणि कांदा.

"पीठ जरा जास्तच गेलं," हे म्हणाले.

"जाऊ दे," मी म्हणाले आणि आफ्रिका घेतली.