लंडन त्या रात्री लांब गेलं

24 एप्रिल 2025. गुरुवार होता आणि माझी दुपारची शिफ्ट. दिल्लीत एका विमान कंपनीत मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान कुठल्या वाटेनं जाईल, किती इंधन घेईल, ऐनवेळी कुठे उतरू शकेल, हे ठरवणं माझं काम. पहलगामच्या हल्ल्याला दोनच दिवस झाले होते, त्यामुळे सगळ्यांचा एक डोळा बातम्यांवर होताच. संध्याकाळी नोटॅम, म्हणजे वैमानिकांना आणि विमान कंपन्यांना दिली जाणारी अधिकृत सूचना, आला: पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद, तातडीनं.

पहिली काळजी जमिनीवरच्या विमानांची नव्हती. युरोपातून निघालेलं आमचं एक विमान वाटेत होतं आणि त्याच्या टाक्यांतलं इंधन पाकिस्तानवरून सरळ येण्याच्या हिशेबानं भरलेलं होतं. वळसा घालून ते दिल्लीला पोचलं असतं, पण राखीव इंधनाला हात लावून, आणि ते कुणीच करू देत नाही, करूही नये. कॅप्टनना संदेश पाठवला: आखातात उतरा, इंधन घ्या, पुढचा प्लॅन तिथे मिळेल. उत्तराला दोन-तीन मिनिटं लागली असतील. मला ती फार लांब वाटली. "कळलं. नवा मार्ग पाठवा."

मग रात्रीचं दिल्ली–लंडन. नकाशावर सरळ अंतर सुमारे 6,700 किलोमीटर, आणि समोरून येणारा वारा धरून नऊ-साडेनऊ तास. लंडन आपल्या वायव्येला; आता मात्र विमान आधी नैऋत्येला न्यायचं, गुजरातवरून अरबी समुद्रावर, मस्कतच्या बाजूला, आणि तिथून वर. वाढला जेमतेम तास-सव्वा तास. प्रवाशाला तेवढंच दिसतं. पण ड्रीमलायनरसारखं विमान तासाला साधारण पाच टन इंधन जाळतं. ते पाच टन वाहून न्यायलाही इंधन लागतं: लांबच्या उड्डाणात जादा भरलेल्यातलं तीन-चार टक्के दर तासाला नुसतं वाहण्यातच जातं. त्यात एप्रिलातली दिल्लीची गरम, विरळ हवा. उड्डाणाच्या वजनाला मर्यादा. मी आकडे भरत होते आणि पेलोडचा, म्हणजे प्रवासी आणि सामान मिळून नेता येणाऱ्या वजनाचा, रकाना खाली खाली येत होता. कॅप्टननी फोनवर एकच विचारलं, "माणसं की कार्गो?" कार्गो उतरवला.

त्याच रात्री परदेशी कंपन्यांची विमानं जुन्याच वाटेनं जात होती, कारण बंदी फक्त आपल्यावर होती. विमानतळ तेच दोन, आणि अंतर मात्र शेपटीवरच्या नोंदणीनुसार वेगळं. संगणकावर दोन शहरांची नावं टाकली की जो आकडा येतो, त्यावर माझा तेव्हापासून फारसा जीव नाही.

याहून कठीण गोष्ट कझाकस्तानातल्या अल्माटीची. दिल्ली आणि अल्माटी जवळजवळ एकाच रेखांशावर. सरळ अंतर 1,640 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दिल्ली–बंगळुरूपेक्षा थोडं कमीच. पण मधे हिमालय, काराकोरम, तिएनशान. केबिनमधला दाब गेला तर विमान 10,000 फुटांपर्यंत खाली आणावं लागतं, आणि प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन पुरतो साधारण पाव तास. तिथे खाली यायला जागाच नाही; डोंगर त्याहून कितीतरी उंच. पाकिस्तानवरची वाट बंद, आणि पश्चिमेकडून इराणवरून फिरून जायचं तर छोट्या विमानाच्या पल्ल्याबाहेर. तीन-चार दिवसांतच ती भारतीय उड्डाणं थांबली.