शाळेत न गेलेल्या मुलाचा भाऊ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गुरुजनांविषयी माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी ज्याच्याविषयी लिहितोय तो माणूस वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत शाळेची पायरीच चढला नव्हता. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

आयरिश विनोदी कादंबरीकार फ्लॅन ओ'ब्रायन, खरं नाव ब्रायन ओ'नोलन. १९११ साली टायरोन परगण्यातल्या स्ट्रबेन गावी जन्मला, बारा भावंडांतला तिसरा. त्याच्याहून वर्षभराने मोठ्या कियरानने १९७३ साली भावाच्या लहानपणाच्या आठवणी आयरिश भाषेत लिहिल्या. त्याचा इंग्रजी अनुवाद मी वाचला. विनोदी लेखकावरचं पुस्तक म्हणून उघडलं, आणि वाचत राहिलो ते एका घराविषयी.

वडील कस्टम्स खात्यात, म्हणजे बदलीची नोकरी. स्ट्रबेन, डब्लिन, परत स्ट्रबेन, मग टलामोर. घरात कटाक्षाने आयरिश बोलायची आणि शाळा सगळ्या इंग्रजीतून. वडिलांनी सोपा मार्ग काढला, मुलांना शाळेतच घातलं नाही! इंग्रजी पोरांनी घरातल्या पुस्तकांतून आणि आसपासच्या माणसांकडून उचललं. आम्हा मराठी शाळेतल्यांची इंग्रजीशी पाचवीत गाठ पडायची आणि ते बोलण्याआधी आम्ही लिहायला शिकायचो, म्हणून मला हे फार जवळचं वाटलं. पुस्तकी, जरा जास्तच इस्त्री केलेली भाषा वापरून हसवण्याची ब्रायनची खोड मला तरी तिथूनच आलेली दिसते.

१९२३ मध्ये कुटुंब डब्लिनला आलं आणि मुलं सिंज स्ट्रीटवरच्या ख्रिश्चन ब्रदर्स या कॅथलिक धर्मसंघाच्या शाळेत गेली. इतकी वर्षं मोकळं हिंडलेल्या पोरांना एकदम चामडी पट्ट्याची शाळा. तो पट्टा ब्रायन विसरला नाही. १९६१ च्या 'द हार्ड लाइफ' कादंबरीत त्याने तो सव्याज परत केला. (छडीच्या आठवणी लिहिणाऱ्या माझ्या वर्गमित्रांनी ही कादंबरी जरूर वाचावी.)

पुढचं चरित्र सगळीकडे सापडतं. सरकारी नोकरी, १९३७ मध्ये वडील वारले आणि एवढ्या मोठ्या घराचा भार त्याच्या पगारावर आला, १९३९ मध्ये 'अ‍ॅट स्विम-टू-बर्ड्स' ही कादंबरी. कादंबरीकार जेम्स जॉइसने ती वाचून वाखाणली, पण खप अगदी बेताचा. पुढे बॉम्बहल्ल्यात प्रकाशकाच्या गोदामातल्या उरल्यासुरल्या प्रतीही जळाल्या. 'द थर्ड पोलिसमन' ही कादंबरी प्रकाशकाने नाकारली तेव्हा हस्तलिखित हरवल्याची थाप त्याने मित्रांना मारली. ती छापली गेली १९६७ मध्ये, तो गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. 'आयरिश टाइम्स' या दैनिकातल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात तो आणि त्याचे मित्र टोपणनावांनी आपसातच भांडणं लावत. त्यातूनच तिथल्या संपादकाने त्याला १९४० मध्ये सदर दिलं, आणि ते तो मरेपर्यंत चाललं.

त्या सदरात एक गृहस्थ उठसूट आपल्या भावाचे पराक्रम सांगतो. हा भाऊ सर्वज्ञ. कुठल्याही विषयावर त्याचा शब्द शेवटचा. वाचकाला मात्र तो प्रत्यक्ष कधीच भेटत नाही. आणि खऱ्या आयुष्यात भावाविषयी बोलायची पाळी कियरानवर आली! तो स्वतः 'इन्यू' या आयरिश भाषेतल्या वृत्तपत्राच्या संस्थापकांपैकी; भाऊ कितीही गाजला तरी त्याने पराक्रमाचा सूर लावलेला नाही. भावाच्या दारूने पोखरलेल्या शेवटच्या वर्षांत तो शिरत नाही. काहींना ही लपवाछपवी वाटेल. मला नाही वाटत. दारूच्या गुत्त्यातला ब्रायन सांगायला अर्धं डब्लिन होतं. टलामोरच्या घरातला ब्रायन सांगायला ती तीन-चार भावंडंच.

टलामोर सुटल्यानंतर जन्मलेला धाकटा भाऊ मीहॉल चित्रकार झाला. २०११ मध्ये जन्मशताब्दीला आयर्लंडच्या टपाल खात्याने ब्रायनचं तिकीट काढलं, त्यावरचं व्यक्तिचित्र त्याचंच.