अरवरीच्या काठी, लातूरच्या आठवणीनं

राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पाची सफारी दोन ओळींत संपवते. एका पाणवठ्याभोवती जिप्सींची रांग, सगळ्यांचे मोबाईल वर आणि नुसता गलका. 2004-05 च्या सुमारास शिकारीमुळे इथला शेवटचा वाघही संपला होता आणि 2008 मध्ये रणथंबोरहून वाघ आणावे लागले, याबद्दल त्या गर्दीत कुणाला काही पडलेली दिसली नाही.

मला ओढ होती ती थानागाजीच्या पुढच्या भांवता-कोल्याला या गावांची. अरवरी नदी इथल्या डोंगरात उगम पावते. रस्त्यानं हाडं खिळखिळी केली, पण पोचल्याबरोबर एका अंगणात खाट टाकली गेली, ताकाचा पेला हातात आला आणि घरातले गुर्जर बाबा म्हणाले, "आधी जोहड बघू, मग जेवू."

जोहड म्हणजे उताराला आडवा घातलेला, चंद्रकोरीसारखा वळलेला मातीचा बांध. सिमेंट जवळजवळ नाहीच. बाबांनी पाळीवरच्या गवताची एक जुडी धरून ओढून दाखवली, ती हलली नाही. "मुळांनीच माती धरलीये," ते म्हणाले. खालच्या ओल्या गाळात म्हशींच्या खुरांचे ठसे होते आणि एकेका ठशात पाणी साचलेलं. इथं पाऊस जेमतेम 600 मिलिमीटर, तोही मोजक्या दिवसांत कोसळून जाणारा. जोहड त्याला थांबवतं, पाणी अरवलीच्या भेगाळ खडकांतून खाली मुरतं, विहिरींना लागतं आणि पुढे सावकाश नदीत उतरतं.

मध्यंतरी डोंगर बोडके झाले, जुनी जोहडं गाळानं भरली, विहिरी आटल्या आणि तरणी माणसं मजुरीला शहरांत गेली. अरवरी पावसापुरती उरली. 1985 पासून तरुण भारत संघ या संस्थेचे राजेंद्र सिंह आणि इथल्या गावांनी मिळून जोहडं बांधायला घेतली. श्रमदान गावाचं, जागा दाखवणारे गावातलेच म्हातारे. सोबत डोंगरही राखले, धोकाची झाडं (आपल्या धावड्याच्या कुळातली) परत उभी राहिली. 1995 च्या आसपास अरवरी बारमाही वाहू लागली.

पण मी तासभर त्या पाळीवर बसून राहिले ती पुढची गोष्ट ऐकायला. नदीत मासे आले तसा 1996 मध्ये सरकारनं मासेमारीचा ठेका देऊन टाकला. गावं हटली नाहीत, ठेका रद्द करावा लागला. मग नदीवर हक्क सांगायचा तर तिची जबाबदारीही घ्यायला हवी, म्हणून खोऱ्यातल्या सत्तरेक गावांनी अरवरी संसद, म्हणजे या गावांच्या प्रतिनिधींची सभा, उभी केली. नियम त्यांनी स्वतःवरच घातले: ऊस लावायचा नाही, भात लावायचा नाही.

मी लातूरची. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी मी प्यायले आहे, आणि त्याच जिल्ह्यात उसाला पाणी सोडलेलंही पाहिलं आहे. बाबांना विचारलं, "पाणी दिसत असताना लोक ऊस लावल्याशिवाय राहतात कसे?" ते जरा गोंधळलेच. "पाणी दिसतं ते आमच्या एकट्याचं कुठे आहे? खालच्या गावांचं आहे, गुरांचं आहे, मोरांचं आहे."

बांध घालणं आपल्याकडेही जमतं. जलसंधारणाच्या कामांना आपण वर्गणी देतो, सुट्टीत कुदळ घेऊन जातो, आणि मी स्वतः ते मनापासून केलं आहे. पण बांध भरल्यावर काय पेरायचं नाही, हे ठरवायला ग्रामसभेत कुणी तोंड उघडत नाही. जमीन जिवंत करण्यातलं माणसाचं अर्धं काम हेच आहे असं मला आता ठाम वाटतं, आणि ते टाळलं की केलेलं अर्धंही वाया जातं.

जेवणात बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी होती. पैसे घ्यायला घरातल्या काकूंनी साफ नकार दिला. दुसऱ्या दिवसाची जयपूरची तिकिटं होती, ती मी रद्द केली आणि बाबांसोबत नदीच्या कडेनं खालच्या गावाकडे चालत निघाले.