शून्य पॉइंट पस्तीस

०.५ आणि ०.३५ यांपैकी मोठी संख्या कोणती, हा प्रश्न मी मागच्या डिसेंबरात माझ्या पाचवीच्या वर्गाला विचारला. त्या दिवशी चोवीस मुले हजर होती आणि मागच्या भिंतीशी सतरंजीवर त्यांचे पालक बसले होते. पुढे जे घडले ते सगळे मिळून अर्ध्या तासाचे आहे. मात्र त्यात मी बरोबर काय केले आणि चुकीचे काय केले, याची वाटणी मला अजूनही नीट करता आलेली नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवतो. शाळेतील तंत्रज्ञान म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे वर्ग येतो. आमच्या डोळ्यांपुढे माहिती भरण्याचे रकाने येतात. विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’ आणि ‘यू-डायस’वर, पगार ‘शालार्थ’मधून, प्रशिक्षणे ‘दीक्षा’वर, आणि या सर्वांवर कडी करणारा आसपासच्या शाळांच्या केंद्राचा व्हॉट्सअॅप गट, ज्यावर ‘आजच अपलोड करावे’ हा निरोप शक्यतो शाळा सुटायच्या वेळी येतो. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर गावोगावी लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभ्या राहिल्या. त्यामागे शिक्षकांची आणि ग्रामस्थांची खरी मेहनत होती, हे मी पाहिले आहे. परंतु शाळा डिजिटल झाली की नाही, हे ‘संच आहे का’ एवढ्यावरच ठरत राहिले. संच आल्यावर मुलांना आधी न कळणारे काय कळू लागले, असा रकाना मी आजवर एकाही तक्त्यात पाहिलेला नाही.

आमच्याकडेही संच आला. ग्रामस्थांनी वर्गणी काढली, गावच्या दूध संस्थेने भर घातली आणि त्रेचाळीस इंची टीव्ही पाचवीच्या भिंतीवर चढला. पहिले वर्षभर त्यावर तयार व्हिडिओ चालले. वर्ग शांत बसतो म्हणून शिक्षकांना ते आवडतात. दुसऱ्या दिवशी विचारावे तर मुलांना चित्रातील ससा आठवतो, सशाने खाल्लेला एक चतुर्थांश गाजर आठवत नाही. माझे एक सहकारी तक्ते भरायचे असले की टीव्ही लावून टेबलाशी बसत. त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही, कारण तो उद्योग मीही केलेला आहे. शिवाय मी स्वतः दशांश अपूर्णांकांवर सहा मिनिटांचा एक व्हिडिओ तयार केला होता, तो तालुक्याच्या गटांवर फिरला होता आणि त्याचा मला बऱ्यापैकी अभिमान होता.

टीव्हीपेक्षा माझ्या शिकवण्यात फरक पाडला तो कागदी कार्डांनी. ‘प्लिकर्स’ या नावाचे एक अॅप आहे. त्यात प्रत्येक मुलाला क्रमांक घातलेले एक कार्ड मिळते, कार्डावर काळ्यापांढऱ्या चौकोनांची नक्षी असते आणि नक्षीच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरे. मुलाने आपल्याला वाटणाऱ्या उत्तराची बाजू वर येईल असे कार्ड धरायचे आणि शिक्षकाने आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कोणी कोणते उत्तर दिले, हे अॅप नक्षीवरून ओळखून नोंदवते. मुलांच्या हातात एकही यंत्र लागत नाही, शिक्षकाच्या खिशातील एक फोन पुरतो. अक्षरे इतकी बारीक असतात की शेजाऱ्याचे उत्तर सहजासहजी वाचता येत नाही. ‘कळलं का?’ या प्रश्नाला ‘हो सर’ असा जो सामुदायिक गजर होतो, त्याने आमच्या पिढ्यान्‌पिढ्या फसवल्या आहेत. या कार्डांपुढे तो गजर चालत नाही.

कार्डांचे तंत्र जमवायला मला दोन महिने लागले. पहिला संच मी तालुक्याहून चकचकीत लॅमिनेशन करून आणला आणि तो फुकट गेला, कारण खिडकीचा उजेड त्यावर चमकला की कॅमेऱ्याला नक्षीच दिसेना. दुसरा संच साध्या कागदावर छापून जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर खळीने चिकटवला. तो आजही चालू आहे. मुलांची सुरुवातीची खोड म्हणजे कार्ड धरताना अंगठा नक्षीवर ठेवणे. नक्षीचा कोपरा झाकला गेला की ते कार्ड वाचलेच जात नाही आणि यादीत त्या मुलाच्या नावापुढची चौकट रिकामी राहते. ‘अंगठा काढा’ हे वाक्य मी त्या दिवसांत किती वेळा उच्चारले असेल, याला गणती नाही. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड आता साऱ्या घरांना ठाऊक आहेत, सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक पुरस्कार मिळाल्यापासून तर अधिकच. त्यामुळे पालकांना ही कार्डेही त्यातलीच वाटली. एका आजोबांनी मात्र कार्ड उलटसुलट करून, यावर पैसे कोणाच्या खात्यात जातात, असे मला गंभीरपणे विचारले होते.

यंत्राची बाजू एवढीच. खरे काम प्रश्न तयार करण्याचे असते, आणि त्याचे प्रशिक्षण आम्हाला कोणी देत नाही. ०.३५ आणि ०.५३ यांत मोठी संख्या कोणती, असा प्रश्न घातला की सगळा वर्ग बरोबर येतो. मात्र दशांश चिन्हाकडे दुर्लक्ष करून पस्तीस आणि त्रेपन्न यांची तुलना करणारा मुलगाही त्यात बरोबरच येतो. दोन्ही संख्यांत दशांश चिन्हानंतरच्या अंकांची संख्या सारखीच असली, की चुकीचा नियमसुद्धा बरोबर उत्तर देतो. माझ्या घटक चाचणीतील तुलनेचे सगळे प्रश्न याच जातीचे होते आणि त्यांच्या गुणांवर विसंबून मी वर्गाला पुढच्या घटकाकडे नेले होते. अंकांची संख्या वेगवेगळी असलेला प्रश्न मी प्रथम विचारला तो त्या पालकसभेच्या दिवशी, आणि तोही खरे म्हणजे कार्डांचे प्रात्यक्षिक म्हणून, सोपा समजून.

सभेला आमच्या केंद्रातील शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख साहेब आले होते. मी टीव्ही फोनच्या नेटला जोडला, पडद्यावर चोवीस नावे आली, मुलांनी कार्डे उचलली आणि फोन फिरेल तसे एकेका नावापुढे उत्तर नोंदल्याची खूण उमटत गेली. पालक खूष होते. नोंदणी संपल्यावर मी माझ्या फोनकडे पाहिले. ए, म्हणजे ०.५ मोठी, असे म्हणणारी मुले पाच. बी, म्हणजे ०.३५ मोठी, असे म्हणणारी सतरा. दोघांना दोन्ही संख्या समान वाटल्या होत्या. शिष्यवृत्तीच्या तयारीत सगळ्यांच्या पुढे असलेला मुलगा सतरांमध्ये होता.

येथे मला एक वाचलेली गोष्ट आठवली आणि ती मी अर्धीच पाळली. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात अशीच एक पद्धत रूढ केली: प्रश्न विचारायचा, प्रत्येकाकडून उत्तर घ्यायचे, बरोबर उत्तर न सांगता विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी वाद घालायला लावायचे आणि पुन्हा उत्तर घ्यायचे. मात्र बरोबर असणारे साधारण तीस टक्क्यांहून कमी असतील, तर चर्चा न घेता मुळापासून पुन्हा शिकवावे, असेही त्या पद्धतीत सांगितले आहे. चोवीसांत पाच म्हणजे एकवीस टक्के. तरीही पाहुण्यांसमोर फळ्याकडे वळून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे माझ्या जिवावर आले आणि मी म्हणालो, “शेजाऱ्याला पटवून द्या.” तीन मिनिटे वर्ग गाजला. पालकांना वाटले, काय सुरेख चर्चा चालली आहे! दुसऱ्यांदा कार्डे वर झाली तेव्हा बी म्हणणारी मुले सतराची वीस झाली, समान म्हणणारा एक उरला आणि बरोबर उत्तर देणारे पाचांचे तीन राहिले. हुशार मुलाने आत्मविश्वासाने पटवून दिले होते आणि वर्गाने त्याचे ऐकले होते.

त्या तिघांत एक मुलगी होती, तिने दोन्ही वेळा एकच उत्तर दिले होते. ती माझ्या नोंदवहीत गणिताच्या तळच्या गटात आहे. तिच्या शेजारी हा हुशार मुलगाच बसतो, म्हणजे तिच्यावर तर सर्वांत जास्त मारा झाला असणार. मी तिला फळ्याशी बोलावले आणि असे का, विचारले. बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, डेअरीत अर्धा लिटर भरलं की मशीनवर पॉइंट पन्नास येतंय. पॉइंट पस्तीस म्हंजे अर्धा बी भरंना.”

मी म्हणालो, “पण मी तर पॉइंट पाच लिहिलंय, पन्नास कुठं लिहिलंय?”

“त्यो अर्धाच की. तुमी नुसता शून्य लिवला न्हाई.”

ही मुलगी रोज सकाळी शाळेआधी घरचे दूध संकलन केंद्रावर घालते. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ), दर आणि रक्कम असलेली पावती ती वर्षभर घरी वाचून दाखवते आहे. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून ठरतो, हे तिला पक्के ठाऊक आहे आणि फॅट एका दशांशाने घसरली तर घरात काय बोलणे होते, हेही. शाळेने शिकवण्याआधीच तिच्याकडे दशांश अपूर्णांक होते; माझ्या एकाही चाचणीने ते विचारले नव्हते.

मला अत्यानंद झाला आणि त्याच भरात मी चूक केली. सगळ्यांना दिसावे की ही मुलगी बरोबर आहे, म्हणून मी फोनवर उत्तर उघड करण्याचे बटण दाबले. टीव्हीवर तिचे नाव हिरवे झाले. तिच्यासोबत दोन नावे हिरवी झाली आणि उरलेली एकवीस लाल. त्रेचाळीस इंची पडद्यावर, आईवडिलांच्या समोर, नावानिशी. त्या मुलीच्या घरचे सभेला कोणीच आलेले नव्हते, हे मला त्यानंतर लक्षात आले.

हुशार मुलाच्या वडिलांनी टीव्हीसाठी सर्वांत मोठी रक्कम दिली होती. ते रागावले नाहीत, मोठ्याने हसून म्हणाले, “वर्गणी बी आमची आणि लाल बी आमचाच!” सगळे हसले, मीही हसलो. मुलगा जमिनीकडे पाहत होता. मी पडदा बंद केला तोवर अर्धे मिनिट गेले असेल. केंद्रप्रमुख साहेबांनी जाताना शेरेबुकात ‘टीव्हीचा प्रभावी वापर दिसून आला’ असे लिहिले, आणि गटावर टाकण्यासाठी त्या पडद्याचाच फोटो काढला. तो फोटो कृपया टाकू नये, अशी विनंती मी केली. ती त्यांना विनयातून आलेली वाटली असावी.

त्या रात्री मी माझा तो नावाजलेला व्हिडिओ पुन्हा लावून ऐकला. सहा मिनिटांत मी अकरा वेळा ‘पॉइंट पस्तीस’, ‘पॉइंट बारा’ असे म्हटले होते. पस्तीस हा शब्द मीच मुलांच्या कानांत घातला होता आणि पाचापेक्षा पस्तीस मोठे, हे तर पहिलीतले मूलही सांगेल. ‘तीन दशांश पाच शतांश’ हे वाचन मी एकदाही केलेले नव्हते, कारण ते जिभेला लांब पडते. तो व्हिडिओ मी काढून टाकला. ज्यांनी तो उतरवून घेतला आहे त्यांच्याकडे तो अजून फिरत असणार.

पुढचे दोन आठवडे आम्ही अर्धा लिटर, पाव लिटर आणि शंभर मिलिलिटरची मापे घेऊन पाणी ओतले, डेअरीच्या पावत्या गोळा केल्या आणि प्रत्येक संख्या स्थानाचे नाव घेऊन वाचली. डेअरीचे ज्ञान सरसकट कामाला आले असे नाही. पावतीवर फॅटचा एकच दशांश छापलेला असतो, त्यामुळे ३.१० आणि ३.९ लिहिल्यावर तीच मुलगी काही वेळ अडखळली आणि हा फॅट कुठल्या म्हशीचा, असे विचारू लागली. अखेरीस ०.७ आणि ०.६४ यांचा प्रश्न कार्डांवर घेतला, तेव्हा पट पूर्ण सव्वीस होता आणि एकवीस उत्तरे बरोबर आली. आता टीव्हीवर मी फक्त उत्तरांचे स्तंभ दाखवतो. नावे माझ्या फोनवरच राहतात. ही सोय अॅपमध्ये पहिल्यापासून होती. नावे दिसली की पालकांना मजा वाटते, म्हणून ती मी वापरली नव्हती.

त्या सव्वीसांत चार उत्तरे चुकली होती आणि एक नोंदलेच गेले नव्हते. ते त्या हुशार मुलाचे होते. कागदावरचे त्याचे दशांश अपूर्णांक आता निर्दोष आहेत, वहीत ०.७ आणि ०.६४ यांची तुलना त्याने स्थानांची नावे लिहून केलेली मी स्वतः तपासली आहे. पण कार्डे वर करायची वेळ आली की त्याचा अंगठा नक्षीच्या कोपऱ्यावर असतो. जूनपासून कार्ड हाताळणारा, पहिल्याच आठवड्यात ते नीट धरायला शिकलेला आणि इतरांना ‘अंगठा काढ’ म्हणून सांगणारा मुलगा आहे तो. डिसेंबरपासून आजपर्यंत एकदाही त्याचे कार्ड वाचले गेलेले नाही.

मी त्याला अंगठा काढायला सांगत नाही. फोन त्याच्या रांगेवरून जरा सावकाश नेतो, त्याच्या नावापुढची चौकट रिकामी राहते, आणि पुढच्या रांगेकडे वळतो.