रॅलीत ट्रेलर लावायला जाताय? आधी गेटचं गणित समजून घ्या

"अरे, मी सांगून ठेवलंय, आपल्याला शेजारी शेजारीच देतील," असं शिकागोचे काका फोनवर तीनदा म्हणाले. त्यावर विसंबून आम्ही दोघं २६ फुटी ट्रेलर (पिकअपमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन उत्तर इंडियानातल्या एका रॅलीला, म्हणजे ट्रेलरवाल्यांच्या मेळाव्याला, गेलो. काका-काकूंपासून चालत बारा मिनिटांवर, चिखलात, दुसऱ्याच्या सांडपाण्याच्या पाइपाकडे तोंड करून चार रात्री काढल्या. क्लबचं आणि मैदानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कळलं की बहुतेक ठिकाणी हीच तऱ्हा असते. मूर्ख आम्हीच होतो.

ट्रेलर ओढता येतो, हिच (ट्रेलर गाडीला जोडायचा सांधा) लावता येते, मागे घेताना घाम फुटला तरी रडू येत नाही, एवढं तुमच्याबद्दल गृहीत धरतो.

तर गेटचं गणित. जागा नोंदणीच्या क्रमाने मिळत नाही, पैसे आधी भरले म्हणून मिळत नाही आणि फोनवर 'सांगून ठेवल्याने' तर अजिबात मिळत नाही. गेटमधून जसे ट्रेलर आत येतात तशी ओळ भरत जाते. पिवळी जाकिटं घातलेले निवृत्त आजोबा गोल्फ कार्टवर पुढे असतात, तुम्ही त्यांच्या मागे जायचं आणि ते दाखवतील तिथे थांबायचं. शेजारी हवं असेल तर गेटमधून एकापाठोपाठ एक आत या. काका सकाळी ११ ला पोचले. आम्ही वाटेत डिझेल आणि जेवणात रमलो आणि पावणेतीनला उगवलो. आजोबांनी विचारलं, "बरोबर कोण आहे?" मी म्हटलं, "ते आधीच आत आहेत." ते हसले. त्या हसण्याचा अर्थ मला अकराव्या ओळीत पोचल्यावर कळला.

वारीत दिंडीला क्रमांक असतो, रथाच्या पुढे की मागे हे ठरलेलं असतं. माझ्या डोक्यात तसंच काहीतरी होतं. इथे क्रमांक असला तरी तो ट्रेलर ओळखण्यापुरता. या हौसेचा मूळ पुरुष म्हणजे एअरस्ट्रीम हे चंदेरी ट्रेलर बनवणारा वॉली बायम. १९५९ मध्ये तो ४१ ट्रेलर घेऊन केपटाउनहून कैरोकडे निघाला. पिरॅमिडजवळ चाकाच्या आऱ्यांसारखे गोल लावलेले ते चंदेरी ट्रेलर फोटोत पाहून मी भाळलो होतो. फोटोवर जाऊ नका. गोल मांडणी दिसायला देखणी, पण मध्ये केवढी जागा फुकट जाते! विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ सरळ रेषेत असलेल्या जत्रेच्या मैदानावर सरळ ओळीच लागतात. आमच्या रॅलीत तर नांगराच्या तासासारख्या ओळी होत्या. झेंड्यांमध्ये दोरी ताणलेली आणि प्रत्येकाच्या हिचचं टोक त्या दोरीला लागलेलं हवं.

आता ती जागा. दोन रात्री आधी पाऊस झालेला, अकरावी ओळ मैदानाच्या उतारावर, आणि ट्रेलर उजव्या बाजूने मागे घ्यायचा, म्हणजे चालकाला न दिसणाऱ्या बाजूने. मागे एक जाकीटवाले हात डावीकडे करताहेत, पुढे दुसरे उजवीकडे, आणि खिडकीशी बायको ओरडतेय, "थांब, थांब, अरे थांब!" मी तिघांचंही ऐकलं. ट्रेलरचं डावं चाक रुतलं. ते काढायला पिकअप हलवली तर तीही रुतली. ट्रॅक्टर आला, पाऊण तास गेला, अख्खी ओळ खुर्च्या टाकून बघत होती. ट्रॅक्टरवाल्याच्या हातात ४० डॉलर ठेवले. त्याने मागितले नव्हते, पण हातही मागे घेतला नाही. मग हिच सोडून मी टेकतोय तोच आजोबा परत आले: दोरीच्या चार फूट मागे आहात, पुढे घ्या.

म्हणून सांगतो. इशारे एकाच माणसाचे बघायचे, आणि तो आरशात दिसेनासा झाला की जागच्या जागी ब्रेक. बायको किंवा नवरा, जो खाली असेल, त्याने त्या वेळी गप्प बसायचं. काय वाद घालायचा तो रात्री. आजोबा "झालं" म्हणेपर्यंत हिच सोडायची नाही. आणि चाकांखाली घालायला फळ्या ठेवा. ट्रेलर समतल करायचे प्लास्टिकचे ठोकळे ओल्या मातीत बिस्किटासारखे आत जातात.

अमेरिकेत ट्रेलरचं दार उजवीकडे असतं आणि वीज, पाणी, सांडपाण्याची तोंडं डावीकडे. सगळे एकाच दिशेने लावले की तुमचं अंगण म्हणजे शेजाऱ्याची मोरी. आमच्या उजवीकडच्या शेजाऱ्याचा स्लाइड-आउट (ट्रेलरमधून बाहेर सरकणारी खोली) आमच्याकडे तीन फूट पुढे आला होता, त्यामुळे आमची ऑनिंग, म्हणजे दारावरची कापडी छपरी, चार दिवस उघडलीच नाही. ओळीतली उजवीकडची शेवटची जागा मागा. थोडं लाजून, पण मागा. मागणाऱ्याला कधीकधी मिळते, न मागणाऱ्याला आमच्यासारखी.

पैशांचं ऐका. नोंदणीत 'वीज समाविष्ट' लिहिलं होतं. ती ३० अँपिअरची, म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट. एक एसी आणि मायक्रोवेव्ह एकत्र लावताना देवाचं नाव घ्यायचं. ५० अँपिअरसाठी वर ४५ डॉलर. विजेचा खांब लांब, म्हणून जास्तीच्या तारेचं भाडं २५. टाक्या उपसणारी गाडी दारात आली की ३५. हे शेवटचं मला सगळ्यात झोंबलं, कारण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फुकट डंप स्टेशन (सांडपाणी ओतायची जागा) होतं आणि कोणी बोललं नाही. सांडपाणी भरून न्यायची चाकांची छोटी टाकी घरून न्या, ती पिकअपला बांधून तिथवर ओढत न्यायची. तारही स्वतःची न्या. आणि चार वाजता सगळ्यांचे एसी सुरू झाल्यावर व्होल्टेज बघा. आमचं १०३ वर आलं आणि रक्षक यंत्राने वीज तोडली. ते यंत्र नसतं तर एसीचा कॉम्प्रेसर गेला असता. फ्रिज आणि गिझर गॅसवर चालवा, वीज एसीला ठेवा.

रॅलीतले कार्यक्रम, नाच, भजी (काकूंनी तळली, ओळच्या ओळ लोटली) वगैरे छान होतं.

तिथून १६ ट्रेलरचा कॅरव्हॅन, म्हणजे एकत्र फिरणारा तांडा, मिशिगनच्या वरच्या टोकाला गेला, त्यात आम्हीही होतो. सगळे एका रांगेत जात नाहीत, हा माझा दुसरा भ्रम. चार-पाचच्या टोळ्या अंतर ठेवून निघतात, म्होरक्या आधी पोचून जागा नेमतो, शेवटच्या ट्रेलरबरोबर दुरुस्तीच्या अवजारांची पेटी. मॅकिनॉ पूल पाच मैलांचा, १९५७ चा. आतल्या लेनला लोखंडी जाळी आहे, खाली पाणी दिसतं, बाहेरच्या लेनने जा. वारा ताशी ३५ मैलांपुढे गेला की उंच वाहनांना पुलावाल्यांच्या गाडीमागूनच सोडतात, त्यामुळे सकाळी लवकर निघा. बाकी नऊ दिवस मजेत गेले, लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

निकाल: जत्रेच्या मैदानावरची रॅली परत नाही. कॅरव्हॅन, उद्या म्हणाल तर उद्या.

कॅरव्हॅनमध्ये जागा दाखवणाऱ्याचं पिवळं जाकीट आळीपाळीने प्रत्येकाला घालावं लागतं. सातव्या दिवशी माझी पाळी आली. टोळीने आलेले पाच ट्रेलर मी वीस मिनिटांत लावले आणि स्वतःवरच खूश झालो. तासाभराने काका आले, एकटेच, वाटेत चेरी घ्यायला थांबले होते म्हणे. काच खाली करून म्हणाले, "अरे, तुझ्या शेजारची ठेवली आहेस ना?"

मी विचारलं, "काका, बरोबर कोण आहे?" आणि कचऱ्याच्या डब्यांशेजारची जागा दाखवली. उजव्या बाजूने मागे घ्यायची होती.