पोळ्याला वरुडकडे, आणि बैल सोडून भलतंच

पोळ्यासाठी वरुडकडे गेलो, पण बैलांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणतात ती गाणी, ऐकल्या, चिखलदरा धुक्यात दिसलाच नाही, संत्री अजून हिरवीगार होती. सगळा वेळ खाल्ला तो मित्राच्या मामांनी. मामा म्हणजे निवृत्त गुरुजी, आणि परसात त्यांचा एक वाफा.

वाफा कसला, पडक्या भिंतीच्या विटांचे तुकडे घालून गुडघाभर उंच केलेला ओटाच. काळ्या मातीत पाणी साचलं की कंद सडतो, म्हणून हा खटाटोप. चपलांना शेरभर चिखल चिकटवून तिथे पोचलो तर समोर नारिंगी फुलं, वर तांबडे ठिपके.

"हेही आयरिसच बरं का जी."

काश्मीरच्या कबरस्तानांत मी आयरिस पाहिलेत, पांढरे-जांभळे. हे त्या कुळातलं वाटेना. मग तासच सुरू झाला. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली याला ऑर्किडांत घातलं, पुढे ते बेलमकांडा म्हणून वाढलं, आणि डीएनए तपासून २००५ साली आयरिस डोमेस्टिका झालं. काश्मिरी थाटाचे दाढीवाले, म्हणजे पाकळीवर केसांची रांग असलेले, आयरिसही गुरुजींनी ऑनलाइन मागवले होते. विकणाऱ्याने 'कुठेही येतात' असं छापलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात सगळे कुजले. "त्याले हिवाळ्यात खरी थंडी पायजे. इथं कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवलं. सुट्टीत पहाटे उठवणारा यजमान मला मुळीच आवडत नाही, हे नोंदवून ठेवतो. पण हातात बॅटरी धरून जे पाहिलं ते असं: उमलायच्या बेतातली कळी त्यांनी चिमट्याने सोलली, पाकळ्या काढल्या, तिन्ही परागकोश खुडले. माशीला बसायला जागाच उरली नाही. मग पलीकडच्या पिवळ्या, बिनठिपक्याच्या फुलाचा परागकोश या फुलाच्या स्त्रीकेसराच्या तीन फाट्यांच्या टोकांवर हलकेच घासला आणि देठाला साडीचा लाल दोरा बांधला. हात थरथरत होते, पण देठ मोडला नाही. बोंड दिवाळीच्या आगेमागे तडकतं, आत काळंभोर चकचकीत बी. या संकरातून काय निघालं ते कळायला बहुतेक पुढचं वर्ष उजाडतं.

मला साडेदहाची एसटी गाठायची होती. गुरुजी म्हणाले, फूल मिटताना पाहिल्याशिवाय कसे जाता? एका दिवसाचं फूल ते, संध्याकाळी पिळलेल्या धोतरासारखं गुंडाळलं जातं. तोवर पुरणपोळ्या. वऱ्हाडातला पाहुणचार गोड असतो, पण त्यातून सुटायचा रस्ता कुणी सांगत नाही. फूल पिळलं गेलं, एसटी गेली, मी रात्री एका ट्रकने अमरावतीला पोचलो.

निघताना बी मागितलं. दोरा बांधलेल्या झाडांकडे बघूही न देता गुरुजींनी साध्या झाडाचं, गेल्या दिवाळीचं बी पुडीत बांधलं. "भिजत घाला, पाणी बदलत राहा, मग पेरा. अन् महिनाभरात नाही उगवलं म्हणून कुंडी फेकू नका. हे बी सावकाश, मागंपुढं येते."

मामी चुलीपासून ओरडल्या, "फेकाची असंन तं मले पाठवा जी. यायनं मले मेथीले हातभर जागा ठेवली नाही."