अंधार नक्की कुणाचा?

मध्यंतरात मागच्या रांगेतून आवाज आला, "सगळा पिक्चर अंधारातच शूट केलाय की काय!" शेजारच्यानं लगेच निकाल दिला, "हल्लीचे कॅमेरामन असेच."

बिचारा कॅमेरामन! कारण सिनेमाआधीच्या जाहिरातीही तितक्याच मळकट दिसत होत्या. पांढरी अक्षरं राखाडी, कडेला तर आणखी काळवंडलेली.

डिजिटल प्रोजेक्शनचं मानक सांगतं की पडद्याच्या मध्यावर पांढऱ्या रंगाची तेजस्विता चौरस मीटरला ४८ कँडेला (उजेड मोजायचं एकक) हवी. ती घसरते कशानं? प्रोजेक्टरमधला झेनॉन दिवा वापराच्या तासांबरोबर मंद होत जातो आणि बदलणं लांबणीवर पडतं. प्रोजेक्शन खोलीच्या काचेवर धूळ असते. सर्वात वाईट म्हणजे थ्रीडीचा पोलरायझर, म्हणजे प्रोजेक्टरच्या भिंगापुढचा फिल्टर, टूडीच्या खेळालाही तसाच राहतो. तो निम्म्याहून जास्त उजेड खाऊन टाकतो. थ्रीडीसाठी लावलेला चंदेरी पडदा असेल तर मध्यभाग उजळ आणि कडा काळ्या, हेही आलंच.

आवाजाचंही तेच. ट्रेलर फार मोठे वाजतात म्हणून फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायचं बटण, ७ वरून ५ वर आणतात, तो सिनेमालाही तिथंच राहतो. मग कुजबुजीतले संवाद हरवतात आणि लोक म्हणतात, नटाला शब्द नीट उच्चारता येत नाहीत.

तक्रार पहिल्या दहा मिनिटांत, बाहेर जाऊन मॅनेजरकडेच करावी. "थ्रीडीचा फिल्टर काढलाय का?" असं नेमकं विचारलं तर कुणीतरी वर जाऊन बघतं. मध्यंतरापर्यंत थांबलात तर अर्धा सिनेमा गेलेला असतो.

तुम्ही शेवटचं कधी उठून सांगितलं होतं?